कडेचे दोन मीटर : भूसंपादन आणि युटिलिटी शिफ्टिंगची समन्वय सेवा घ्यावी का?

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात रस्ता रुंदीकरणाचं किंवा उड्डाणपुलाचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे हल्ली एक तयार सेवा विकायला एजन्सी येतात. प्रस्तावावर कुणी ‘आरओडब्ल्यू (राइट ऑफ वे, म्हणजे रस्त्याची हद्द) मॅनेजमेंट’ लिहितं, कुणी ‘प्री-कन्स्ट्रक्शन सपोर्ट’, कुणी सरळ ‘लायझनिंग’. आतला माल साधारण सारखाच असतो. जमिनीखालच्या वाहिन्यांचं सर्वेक्षण, जमिनीची कागदपत्रं आणि मोजणी, वीज-पाणी-गॅस-टेलिकॉमच्या कार्यालयांतून एस्टिमेट आणि परवानग्या, आणि शेवटी शटडाऊन घेऊन प्रत्यक्ष स्थलांतर. हे परीक्षण या सेवेचं आहे, कुठल्या एका एजन्सीचं नाही.

मत आधीच सांगून टाकू. सेवा उपयोगाची आहे. मात्र जी एजन्सी जमीन एका टीमकडे आणि युटिलिटी दुसऱ्या टीमकडे ठेवते, तिला दिलेल्या पैशांतला मोठा भाग वाया जातो. याला कारण रस्त्याच्या हद्दीचे कडेचे दोन मीटर.

हलवलेल्या वाहिन्या ठेवायची जागा म्हणजे युटिलिटी कॉरिडॉर. तो हद्दीच्या अगदी टोकाला, साधारण दोन मीटर रुंदीचा आखतात, म्हणजे पुढे रस्ता न खोदता दुरुस्ती करता येते. कागदावर उत्तम. आता ही पट्टी जागेवर जाऊन बघा. तिथे एमआयडीसीच्या प्लॉटची कंपाउंड भिंत आणि सिक्युरिटी केबिन असते, दुकानाची पायरी असते, गावठाणातल्या घराचा ओटा असतो, खाडीकडेला कांदळवन असतं. मधली जमीन जुन्याच रस्त्याची, ती आपसूक मिळते. प्रगती अहवालात ‘९० टक्के जमीन ताब्यात’ येतं आणि उरलेले १० टक्के म्हणजे नेमकी ही पट्टी. सगळे पाइप आणि केबल जिथे जायचे, तीच जागा हातात नसते. मग पाण्याची लाइन ‘तात्पुरती’ सर्व्हिस रोडखाली टाकली जाते आणि वर्षभराने पुन्हा उचलली जाते. दोन शटडाऊन, दोनदा खोदाई, आणि दुसऱ्या वेळचं बिल कुणी द्यायचं यावर पत्रव्यवहार.

म्हणून एजन्सीला पहिल्या भेटीत एकच गोष्ट मागा. मागच्या कुठल्याही कामाचा जमीन-युटिलिटी संयुक्त तक्ता, नावं झाकून दिला तरी चालेल. त्यात दर २० मीटर साखळीला (चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) डावी-उजवी बाजू वेगळी असावी. लागणारी रुंदी, मिळालेली रुंदी, सर्व्हे नंबर व हिस्सा, ताब्याची स्थिती, आत्ताच्या वाहिन्या, त्यांची नवी जागा, एस्टिमेटची स्थिती, शटडाऊनची तारीख, सगळं एका ओळीत. दोन वेगळ्या फायली दाखवल्या, की चहा पिऊन निरोप द्यावा.

सर्वेक्षण : चकचकीत नकाशा आणि खरा नकाशा

सेवेतला सगळ्यात दिखाऊ भाग हा. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे बोलीत जीपीआर, ढकलत नेणारी गाडी, रंगीत रेघांचा नकाशा, जाडजूड अहवाल. नवी मुंबईत याच भागावर सर्वाधिक पैसे उडतात आणि हाती सर्वांत कमी लागतं. वाशी, नेरूळ, पामबीचचा पट्टा भरावाचा. खाली खाडीचा खारा, ओला चिखल. खारट ओली माती वीजवाहक असल्यामुळे रडारची लहर तिथे शोषली जाते. कोरड्या मुरमात दोन-अडीच मीटरपर्यंत दिसणारं यंत्र इथे मीटरभर खालीही आंधळं होऊ शकतं. घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला मुरूम आणि खडक असल्याने वाचन बरं मिळतं, पण तेही मार्च ते मेमध्ये. पावसानंतर लगेच केलेला जीपीआर कुणी स्वस्तात देत असेल तर तो स्वस्त का आहे हे कळून घ्या.

शिवाय आकाराचा एक ढोबळ नियम आहे. खोलीच्या दहाव्या हिश्शापेक्षा बारीक वाहिनी सुटण्याची शक्यता जास्त. एक मीटरवर १०० मिलिमीटरची लाइन दिसेल, ४० मिलिमीटरची टेलिकॉम डक्ट दिसेलच असं नाही. म्हणून जीपीआरच्या जोडीला इलेक्ट्रोमॅग्नेटिक लोकेटर हवाच. भार असलेली वीज केबल लोकेटर ५० हर्ट्झच्या पॅसिव्ह मोडमध्ये पकडतो. भार नसलेली केबल किंवा लोखंडी पाइप शोधायला ट्रान्समीटर क्लॅम्प लावून सिग्नल सोडावा लागतो. प्लास्टिकच्या पाइपला दोन्ही पद्धती अपुऱ्या. गॅसच्या एमडीपीई (प्लास्टिक) लाइनसोबत ट्रेसर वायर (शोधण्यासाठी टाकलेली धातूची तार) असेल तर ठीक, टेलिकॉमच्या रिकाम्या डक्टमध्ये ‘सोंड’ (sonde, छोटा ट्रान्समीटर) घालून तिचा माग काढता येतो. एजन्सी लोकेटरशिवाय नुसता जीपीआर देत असेल तर तो भाग घेऊच नका.

या कामाला ‘पास १२८’ (PAS 128) हे ब्रिटिश मानक वापरतात. त्यात चार प्रकार आहेत. ‘डी’ म्हणजे फक्त जुने नकाशे गोळा करणं, ‘सी’ म्हणजे जागेवर जाऊन चेंबर-खांब-झाकणं बघून ते जुळवणं, ‘बी’ म्हणजे यंत्राने शोध आणि ‘ए’ म्हणजे उघडून बघून खात्री. बाजारात ‘बी’ विकतात आणि ‘ए’ असल्यासारखे पैसे मागतात. करारात प्रत्येक रेघेपुढे प्रकार लिहायची अट घाला. जिथे ‘ए’ नाही तिथे रेघ तुटक काढायची. एवढ्या एका अटीने नकाशाचा खोटा आत्मविश्वास उतरतो.

खरा पैसा खड्ड्यांवर खर्च करावा. एक मीटर बाय एक मीटर, दीड मीटरपर्यंत, पहार-फावड्याने. जेसीबीने ट्रायल पिट काढणं म्हणजे जी केबल शोधायची तीच तोडणं. कडेच्या पट्टीत चौकोनी खड्ड्यापेक्षा आडवा चर बरा, ६० सेंटिमीटर रुंद, कर्बपासून भिंतीपर्यंत. त्यात समांतर जाणाऱ्या सगळ्या वाहिन्या एकदम दिसतात. माजिवडा, कापूरबावडीसारख्या गजबजलेल्या जागी दर १०० मीटरला एक, आणि प्रत्येक जंक्शन, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह चेंबरपाशी एक. नोंदीत साखळी क्रमांकाचा फलक आणि मोजपट्टी दिसेल असा फोटो हवा, वाहिनीच्या माथ्याची खोली, व्यास, धातू की प्लास्टिक, दुभाजकापासून अंतर, आणि त्या-त्या खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याची जागेवरच घेतलेली सही. सही नंतर मिळवू म्हणणारे कधीच मिळवत नाहीत. अभियंत्याची बदली होते आणि नवा माणूस ‘ही आमची लाइन नाही’ म्हणायला मोकळा.

बेवारस वाहिन्यांबद्दल सावध. जुनी बंद लाइन म्हणून दाखवलेल्या पाइपात पाणी असू शकतं, मेलेली म्हटलेली केबल कुठून तरी परत जोडलेली असू शकते. टोकाला कॅप दिसेपर्यंत आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून खात्री होईपर्यंत ती जिवंत धरायची. रस्ता खोदणाऱ्या टोळीला हे तोंडी सांगून भागत नाही, नकाशावर वेगळ्या रंगात हवं.

वीज : सही कुणाची, सांधा कुठे

वीजवाहिन्यांमध्ये पहिला घोळ मालकीचा. ठाणे शहरात आणि नवी मुंबईत महावितरण. कळवा-मुंब्रा-शीळ भागात १ मार्च २०२० पासून आणि भिवंडीत त्याच्या कितीतरी आधीपासून टोरंट पॉवर ही फ्रँचायझी. फ्रँचायझी भागात मालमत्ता महावितरणची आणि रोजचं काम टोरंटचं, म्हणून मंजुरी एकीकडून आणि परमिट दुसरीकडून असा प्रवास होतो. शिळफाट्याच्या बाजूने येणारा रस्ता यातल्या दोन हद्दी ओलांडू शकतो. एजन्सीच्या तक्त्यात ‘एमएसईडीसीएल’ (महावितरण) एवढाच एक रकाना असेल तर तिला हा भाग माहीत नाही.

महावितरणच्या कामात दोन रस्ते असतात. एक डिपॉझिट वर्क, म्हणजे पूर्ण रक्कम भरायची आणि खातं काम करेल. दुसरा, मंजूर एस्टिमेटवर १.३ टक्के देखरेख शुल्क भरून परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आपण करून घ्यायचं. दुसरा जवळजवळ नेहमी लवकर होतो, कारण साहित्य आपण विकत घेतो. मात्र केबल, आरएमयू (रिंग मेन युनिट, रस्त्याकडेचा स्विचचा डबा), ट्रान्सफॉर्मर मान्यताप्राप्त उत्पादकाचेच लागतात आणि तपासणीची फेरी वेगळी. एजन्सीने वेळापत्रकात ती तपासणी दाखवली आहे का, एवढं बघा.

या पट्ट्यात उच्चदाब वितरण बव्हंशी २२ केव्हीचं. ११ केव्हीच्या भागातून आलेल्या ठेकेदाराची इथे साहित्याची यादी चुकते, जॉइंटिंग किटपासून टर्मिनेशनपर्यंत. खोलीसाठी आयएस १२५५ हे भारतीय मानक धरतात : कमी दाबाला ०.७५ मीटर, ११ केव्हीपर्यंत ०.९०, २२ व ३३ केव्हीला १.०५, रस्ता ओलांडताना किमान १ मीटर. ही खोली शेवटच्या रस्ता पातळीपासून मोजायची. बरेच जण आजच्या पातळीपासून मोजतात. मग बॉक्स कटिंगमध्ये (रस्त्याच्या थरांसाठीच्या खोदाईत) पातळी ४० सेंटिमीटरने उतरते आणि नव्याकोऱ्या केबलवर रोलर चालतो. एजन्सीकडे रस्त्याचे अंतिम लेव्हल नसताना तिने केबलची खोली ठरवली असेल तर ती खोली अंदाजपंचे आहे.

सांध्यांचं तसंच. ३०० मीटर केबल बाजूला घ्यायची म्हणजे दोन टोकांना दोन नवे सांधे आणि ते आयुष्यभराचे कमजोर ठिकाण. ते कॅरेजवेखाली (वाहनं चालतात त्या भागाखाली) येता कामा नयेत, प्रत्येक सांध्याजवळ दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटर जादा केबलचा लूप ठेवायचा, खड्डा कोरडा हवा. पावसात ताडपत्री धरून केलेला सांधा पहिल्या गणपतीपर्यंतही टिकत नाही. चाचणीत आधी आणि नंतर मेगर, आणि एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला डीसी हायपॉट (उच्चदाब चाचणी) न लावता व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी वारंवारतेची एसी चाचणी. जुन्या एक्सएलपीईवर डीसी मारलं तर चाचणीत पास होऊन आठवड्याने फुटते. रस्त्याखालून जाताना जितक्या केबल तितके पाइप आणि त्याशिवाय किमान एक रिकामा. तो एक पाइप वाचवणं ही या शहरातली सर्वांत महागडी काटकसर.

महापारेषणच्या किंवा टाटा पॉवरच्या ११० आणि २२० केव्ही लाइन आडव्या जात असतील तर सगळं वेळापत्रक त्यांच्या मागे धावतं. टॉवरची उंची वाढवायची, प्रोफाइल काढायचा, पाया घालायचा आणि मग आउटेज (लाइन बंद ठेवायची परवानगी). ती ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या संमतीशिवाय मिळत नाही, आणि उन्हाळ्याच्या ऐन मागणीत ती मिळेल अशी आशाही धरू नये. दुसरी गोष्ट सहसा सुटते. टॉवर सरकवला की त्याच्या पायालाही जमीन लागते. युटिलिटी हलवण्यातून नवं भूसंपादन तयार होतं आणि ते मूळ प्रस्तावात नसतं. संयुक्त तक्ता मागायचा तो यासाठीही.

पाणी, मलनि:सारण, गॅस

पाण्याच्या बाबतीत ठाणे जिल्हा वेगळाच आहे. एकाच रस्त्याखाली ठाणे महापालिका, स्टेम (ठाणे परिसराला पाणी पुरवणारं प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबईला पाणी नेणारी बृहन्मुंबई महापालिका अशा चार मालकांच्या लाइन असू शकतात. खाडीपलीकडे मोरब्याचं पाणी नवी मुंबई महापालिकेचं, हेटवण्याचं सिडकोचं, बारवीचं एमआयडीसीचं. या मोठ्या एमएस (पोलादी) लाइन जोडायला साधारण २४ तासांचा शटडाऊन मिळतो, आणि तो जुन्या स्लुइस व्हॉल्व्हमुळे खरा २४ तासांचा कधीच नसतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, पाणी झिरपत राहतं, लाइन रिकामी करण्यातच निम्मा वेळ जातो. त्यामुळे चांगली एजन्सी शटडाऊनच्या आठ-दहा दिवस आधी त्याच व्हॉल्व्हची बंद चाचणी घेते. प्रस्तावात ही ओळ शोधा. सापडली तर बाकीचं वाचायलाही हरकत नाही.

शटडाऊनमध्ये फक्त कापणं आणि वेल्डिंग व्हावं. नवी लाइन आधीच टाकून दाबचाचणी झालेली, क्लोजर पीस (जोडणीचा शेवटचा तुकडा) मापात कापलेला, बेंडमागचे थ्रस्ट ब्लॉक (वळणावर पाइप सरकू न देणारे काँक्रीटचे ठोकळे) आधीच ओतून पक्व झालेले. शटडाऊनमध्ये काँक्रीट ओतून सकाळी पाणी सोडलं तर बेंड सरकतो, हे सांगायला अभियंता लागत नाही, तरी हेच सर्वाधिक घडतं. खड्ड्यातलं पाणी उपसायचे पंप दोन लागत असतील तर तीन आणि जनरेटर वेगळा. पाणी सोडल्यावर उंचावरच्या सोसायट्यांत एक-दोन दिवस दाब कमी राहतो, टँकरची सोय कुणी करायची हे आधी लिहून घ्या. गणपती, नवरात्र, दिवाळीत शटडाऊन मागूच नये, आणि परीक्षांच्या काळात विजेचाही नको. मेच्या अखेरीपासून खोदाईला बंदी लागते. म्हणजे कामाचा खरा हंगाम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत, आणि सगळ्या एजन्सी तेवढ्यातच त्याच अभियंत्यांच्या दारात उभ्या असतात.

मलवाहिनी गुरुत्वाकर्षणावर चालते. ती हवी तशी बाजूला घेता येत नाही, उतार आणि इन्व्हर्ट लेव्हल (पाइपच्या आतल्या तळाची पातळी) जुळायला हवी. सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळायचं काम घोडबंदरसारख्या रस्त्यावर होतं तेव्हा मलवाहिनी तिथेच राहते आणि मॅनहोल थेट वाहतुकीच्या लेनमध्ये येतात. आधी पदपथाच्या हिशेबाने बसवलेली झाकणं कंटेनरखाली महिनाभर टिकत नाहीत. आयएस १२५९२ या झाकणांच्या मानकात एमडी-१०, एचडी-२० आणि ईएचडी-३५ अशा चढत्या ताकदीच्या प्रती (ग्रेड) आहेत. जेएनपीएकडे (जवाहरलाल नेहरू बंदराकडे) जाणारी वाहतूक असेल तिथे ईएचडी-३५ शिवाय पर्याय नाही, आणि फक्त झाकण बदलून भागत नाही, फ्रेमखालचा काँक्रीटचा गळाही नव्याने करावा लागतो. बहुतेक प्रस्तावांत ‘मॅनहोल लेव्हलिंग’ एवढंच असतं. झाकणाची ग्रेड प्रस्तावात लिहून घ्या.

गॅसचं काम कंपनीचा नेमलेला ठेकेदारच करतो, त्यात एजन्सीला फारसा वाव नाही आणि नसावाही. तिने करायचं ते एवढंच : पट्टी मोकळी करून देणं आणि तारीख धरणं. तेल-वायूच्या मोठ्या पाइपलाइनची गोष्ट निराळी. त्यांचा हक्क १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याखालचा. जमीन मूळ मालकाची राहते, पण त्या पट्ट्यावर बांधकाम करता येत नाही. रस्ता आडवा न्यायचा तर पाइपलाइन कंपनीची परवानगी, वर आरसीसीचं संरक्षण, आणि केसिंग (बाहेरचा संरक्षक पाइप) असेल तर ते मुख्य पाइपला कुठेही टेकता कामा नये, नाहीतर कॅथोडिक संरक्षण (विजेच्या मदतीने गंज रोखणं) निकामी होतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत या पाइपलाइनची नोंद बहुधा असते. म्हणजे जमिनीची टीम जे बघते ते युटिलिटीच्या टीमला कळायलाच हवं.

टेलिकॉम थोडक्यात : केबल सगळ्यांत जास्त, कागद सगळ्यांत कमी. खड्ड्यात सापडणाऱ्या डक्टच्या जुडीत कुणाचं काय हे चेंबर उघडून टॅग लावल्याशिवाय कळत नाही. कटओव्हर (जुन्या केबलवरून नवीवर बदल) रात्री, आणि प्रत्येक मालकाचा स्प्लायसिंग (तंतू जोडणं) करणारा माणूस जागेवर असताना.

जमीन : कायदा कुठला, कुणाचं नाव सुटलं

इथे एजन्सीची परीक्षा एका प्रश्नात होते. रस्ता कुठल्या कायद्याखाली? राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. राज्याच्या महामंडळाचा द्रुतगती किंवा राज्य महामार्ग असेल तर १९५५ चा महाराष्ट्र महामार्ग कायदा. शहर विकास आराखड्यातला रस्ता असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२६, जिथे रोख मोबदल्याऐवजी टीडीआरही (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) असतो. तिन्हींसाठी एकच नमुना पत्र वापरणाऱ्या एजन्सी आहेत, त्यांना दूर ठेवा.

राष्ट्रीय महामार्गात कलम ३ए ची (जमीन घेण्याच्या इराद्याची) अधिसूचना, २१ दिवसांत ३सी च्या हरकती, मग ३डी ची घोषणा. ३डी प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते. ३ए पासून एका वर्षात ३डी झाली नाही तर ३ए रद्द. मोबदला ३जी खाली सक्षम प्राधिकारी ठरवतो, रक्कम जमा झाल्यावर ३ई ची ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा. मोबदल्याचा हिशेब २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पद्धतीने. बाजारमूल्य, गुणक, बांधकाम-झाडांची किंमत, त्यावर शंभर टक्के सोलेशियम (सक्तीने जमीन घेतल्याची दिलासा रक्कम), आणि बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के वाढीव रक्कम. हे सगळे टप्पे २०१८ पासून भूमी राशी पोर्टलवर चालतात.

चुका होतात त्या कायद्यात नाही, याद्यांत. ३ए मध्ये एखादा हिस्सा नंबर सुटला की तेवढ्या १५ मीटरसाठी सगळं चक्र नव्याने. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि मोजणीत आलेलं क्षेत्र जुळत नाही, कारण जुन्या फाळणीचा नकाशाच झालेला नसतो. मयत खातेदाराचं नाव तसंच असतं. वारस नोंद होते तेव्हा बहिणींची नावं राहून जातात, आणि मोबदल्याचा आकडा जाहीर झाला की हक्कसोडपत्र नोंदणीकृत होतं की नुसतं स्टॅम्पपेपरवर याचा वाद सुरू. वाद मिटला नाही की रक्कम दिवाणी न्यायालयात जमा. ताबा मिळतो, पण गावात काम करणं अवघड होतं, आणि आपला खांब नेमका त्यांच्याच दारात उभा करायचा असतो. एजन्सीने ३ए आधीच सर्व्हे नंबरवार सातबारा, आठ-अ, फेरफार, भोगवटादार वर्ग एक की दोन (दोन म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळाची किंवा बँकेची नोंद आणि वारस स्थिती असा तक्ता केला तर तिची फी तिथेच वसूल होते. या सेवेतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी जाहिरात होणारा भाग तो. वर्ग दोनच्या जमिनीत शासनाचा हिस्सा ठरेपर्यंत मोबदला अडकतो, हेही आधीच सांगणारी एजन्सी हवी.

संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा भूकरमापक, महसूलचा माणूस, प्रकल्पाचा अभियंता आणि खातेदार एकत्र हवेत. त्याच दिवशी युटिलिटीवाल्यांना बोलवावं, हे जवळपास कुणी करत नाही. हद्दीच्या खुणा आणि वाहिन्यांच्या खुणा एकाच रोव्हरने (उपग्रहाधारित मोजणी यंत्राने), एकाच संदर्भबिंदूवरून घेतल्या तर नंतर नकाशे एकमेकांवर बसतात. वेगवेगळ्या दिवशी वेगळ्या यंत्राने घेतले तर अर्धा-एक मीटर फरक सहज पडतो, आणि दोन मीटरच्या पट्टीत तो फरक म्हणजे कॉरिडॉरच गायब.

नवी मुंबईत मात्र खातेदारांचं प्रकरण कमी आणि खात्यांचं जास्त. जमीन सिडकोची किंवा एमआयडीसीची, वर भाडेपट्टा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला रबाळे, महापे, तुर्भे इथे प्लॉटधारकाकडून पट्टी परत घ्यायची म्हणजे भाडेपट्ट्यात दुरुस्ती, भिंत नव्याने बांधून देणं, गेट आणि वीजमीटरची जागा. ताबा पावतीला नकाशा जोडलेला नसेल तर ती पावती काही कामाची नाही. गावठाणांत आणि त्यांच्या विस्तारात सातबारा नाही, मिळकतपत्रिकाही बऱ्याचदा नाही. तिथे मोबदला बांधकामाचा आणि वाटाघाट ग्रामस्थांशी. एजन्सीचा माणूस आगरी-कोळी गावांत ओळखीचा नसेल तर हा भाग तिच्याकडे देऊ नये.

खाडीकडेचा सापळा शेवटी सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवन आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात सार्वजनिक प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी लागते. सीआरझेड (किनारी क्षेत्र नियमन) आणि वन परवानगी वेगळी. हे अर्ज रस्त्याच्या रुंदीसाठी होतात. हलवलेली पाण्याची लाइन किंवा केबल त्या रुंदीच्या बाहेर गेली तर ती परवानगीबाहेरची. अर्जातल्या नकाशावर युटिलिटी कॉरिडॉर रंगवलेला आहे का हे स्वतः तपासा. वृक्षतोडीच्या अर्जाचंही तेच, १९७५ च्या कायद्याखाली जी झाडं मोजली ती रस्त्यातली, पट्टीतली नाहीत.

सरकारी साधनं, झटपट

महाभूमी पोर्टलवरचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो वापरायलाच हवा. एजन्सी त्यासाठी ‘दस्तऐवज संकलन शुल्क’ म्हणून भलता आकडा लावत असेल तर हसून खोडावा. खरं काम जुन्या फेरफारांचं, आणि त्यासाठी बऱ्याचदा तहसील कार्यालयात जावं लागतं. ‘कॉल बिफोर यू डिग’ हे केंद्राचं ॲप मार्च २०२३ मध्ये आलं. खोदाईची जागा टाकली की नोंदणीकृत वाहिनी मालकांना सूचना जाते. टेलिकॉम आणि मोठ्या पाइपलाइनसाठी चांगलं, पुरावा म्हणूनही कामाचं. पण उत्तर आलं नाही याचा अर्थ खाली काही नाही असा होत नाही. गल्लीतली कमी दाबाची केबल किंवा महापालिकेची चार इंची लाइन तिथे असेलच असं नाही.

पैसे कसे द्यावेत

सर्वेक्षणाचे दर किलोमीटरवर आणि समन्वयाचे महिन्यावर, असा प्रस्ताव बहुतेक येतो. महिन्यावरचं मान्य करू नका, काम लांबलं तर एजन्सीचा फायदा होतो. आमच्या मते सर्वेक्षण अहवालाला एकूण रकमेच्या पाव हिश्शाहून जास्त नको, आणि त्यातलाही अर्धा सही झालेल्या ट्रायल पिटवर. निम्मी रक्कम मोकळ्या साखळीवर, म्हणजे अमुक ते अमुक मीटर दोन्ही बाजूंची जमीन ताब्यात आणि वाहिन्या नव्या जागी चार्ज झालेल्या. तुकडा किमान सलग ५०० मीटरचा हवा. मध्ये दहा ठिकाणी तुटलेले तुकडे मिळून झालेला किलोमीटर पेव्हरच्या (डांबर अंथरणाऱ्या यंत्राच्या) काय उपयोगाचा? राहिलेल्यातले १० टक्के ॲज-बिल्ट नकाशा (प्रत्यक्ष काम झालं तसा) आणि भूमी अभिलेखमधलं कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारं) झाल्यावर. ही शेवटची रक्कम सोडून दिली तर ॲज-बिल्ट कधीच येत नाही, आणि पुढच्या खोदाईला पुन्हा पहिल्यापासून रडार फिरवावं लागतं.

‘आमची ओळख आहे’ हा प्रस्तावातला मुद्दा असेल तर त्याची किंमत शून्य धरा. एस्टिमेट अडतं ते जॉइंट व्हिजिटचा अहवाल अपुरा असतो म्हणून, किंवा नकाशात नव्या जागेची हद्द दाखवलेली नसते म्हणून. ते नीट दिलं तर फाइल आपल्या गतीने सरकते. लहान कामाला, म्हणजे एखादं जंक्शन, बस-बे किंवा अर्ध्या किलोमीटरच्या आतलं रुंदीकरण, ही सेवा घेऊच नका. आपलाच एक अनुभवी पर्यवेक्षक, भाड्याने लोकेटर, चार मजूर, आणि चारही खात्यांच्या कनिष्ठ अभियंत्यांसोबत एकाच सकाळी जॉइंट व्हिजिट. चर त्यांच्यासमोर उघडा आणि सही तिथेच घ्या.